हुगळीकाठच्या तागगिरण्या : निर्यात मोठी, विकास अपुरा

एखाद्या प्रदेशात निर्यातक्षम उद्योग रुजला की तो प्रदेश पुढे जातो, हे आपण विकासाच्या अर्थशास्त्रात पहिल्याच तासाला शिकतो आणि पुढे शिकवतोही. परदेशातून मागणी येते, कारखाने उभे राहतात, मजुरी मिळते, पूरक धंदे निघतात, शहरे वाढतात. अनेक ठिकाणी असे घडले आहे. प्रस्तुत टिपणात मात्र वेगळे उदाहरण घेतले आहे. तिथे मागणी जगभरातून आली, कारखाने नदीच्या दोन्ही काठांवर मैलोन्‌मैल उभे राहिले, मक्तेदारी म्हणावी इतका बाजार हाती आला; आणि मागणी ओसरली तेव्हा त्या पट्ट्याला दुसरा आधार सापडला नाही. हे उदाहरण म्हणजे कोलकात्याजवळचा, हुगळी नदीकाठचा ताग उद्योग.

आधी शब्दाचा खुलासा. महाराष्ट्रात हिरवळीच्या खतासाठी जे पेरतात त्यालाही 'ताग' किंवा 'बोरू' म्हणतात. ते वेगळे पीक. इथे ताग म्हणजे ज्यूट, बंगालीत 'पाट'. आपल्या व्यवहारात तो गोणपाट, सुतळी, तरट आणि बारदान या रूपांत येतो. तोलाईच्या वेळी बारदानाचे वजन वजा करण्यापलीकडे त्या पोत्याचा आपण विचार करत नाही. पण १९२० च्या दशकात कच्चा ताग आणि तागाचा पक्का माल मिळून भारताच्या एकूण निर्यातीचा सुमारे चौथा हिस्सा होत असे. ज्या वस्तूकडे कोणी ढुंकून पाहत नाही, ती त्या काळी देशाची सर्वांत मोठी निर्यात होती.

डंडीची गरज

ताग हे गंगा-ब्रह्मपुत्रेच्या गाळाच्या जमिनीतले पीक. उन्हाळ्याच्या तोंडी पेरायचे आणि पावसाळ्यात, पाणी शेतात चढत असताना कापायचे. कापलेल्या काड्यांच्या जुड्या दोन-तीन आठवडे पाण्यात कुजवायच्या आणि मग कंबरभर पाण्यात उभे राहून हाताने साल सोलून तंतू वेगळा करायचा. या कामाला आजही पूर्ण समाधानकारक यंत्र मिळालेले नाही. बंगालच्या खेड्यांत हा तंतू हाताने कातून त्याची पोती विणण्याचा धंदा गिरण्यांच्या कितीतरी आधीपासून होता. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही हातमागाची पोती थेट उत्तर अमेरिकेपर्यंत जात. म्हणजे 'बंगालला तागाचे काय करावे हे माहीत नव्हते, ते इंग्रजांनी शिकवले' ही समजूत खरी नाही.

ईस्ट इंडिया कंपनीने अठराव्या शतकाच्या अखेरीस तागाचे नमुने ब्रिटनला पाठवले. तिथल्या कातकऱ्यांना ते आवडले नाहीत, कारण तंतू कोरडा आणि ठिसूळ, यंत्रावर तुटायचा. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे डंडी हे गाव तेव्हा जवसाच्या तंतूचे जाडेभरडे कापड विणत असे. डंडी हे देवमाशांच्या शिकारीचेही बंदर होते. तागावर पाणी आणि देवमाशाचे तेल शिंपडून तो मुरू दिला की मऊ पडतो आणि यंत्रावर चालतो, हे तिथे १८३० च्या दशकात साधले. एका शहरात जाड कापडाचे कसब आणि तेल दोन्ही एकत्र असणे हा योगायोगच. १८३८ मध्ये डच सरकारने जावाच्या कॉफीसाठी तागाची पोती मागवली आणि बाजार उघडला. मग १८५४ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात रशियाचे जवस आणि हेंप येणे बंद झाले, आणि डंडीने जवळजवळ पूर्णपणे तागाकडे मोहरा वळवला.

रिश्रा, १८५५

श्रीलंकेत कॉफीचा मळा चालवून पाहिलेला जॉर्ज अ‍ॅकलंड नावाचा इंग्रज डंडीला गेला, तिथल्या यंत्रे बनवणाऱ्यांकडून सल्ला आणि यंत्रे घेतली, आणि १८५५ मध्ये श्रीरामपूरजवळ रिश्रा इथे भारतातली पहिली ताग-कताईची गिरणी सुरू केली. भांडवलात विश्वंभर सेन या बंगाली सावकाराची भागीदारी होती. जागा विचारपूर्वक निवडलेली दिसते. समोर नदी होती. मागून हावडा-हुगळी रेल्वे १८५४ मध्ये सुरू झाली होती आणि १८५५ च्या आरंभी ती राणीगंजच्या कोळशाच्या खाणींपर्यंत पोहोचली होती. कच्चा माल पूर्व बंगालमधून नावेने, कोळसा रेल्वेने, पक्का माल जहाजाने. १८५९ मध्ये बोर्निओ कंपनीने बारानगरला यंत्रमाग बसवले आणि कताईबरोबर विणकामही इथे होऊ लागले.

त्यानंतरची वाढ आकड्यांत पाहू. पहिल्या महायुद्धाच्या उंबरठ्यावर, १९१३-१४ मध्ये, ६४ गिरण्या, सुमारे ३६,००० माग आणि दोन लाखांहून अधिक कामगार होते. शतक संपता संपताच कोलकात्याने डंडीला मागे टाकले होते. बजबजपासून नैहाटीपर्यंत आणि पलीकडच्या काठाला हावड्यापासून बांसबेडियापर्यंत चटकलांची धुराडी उभी राहिली. 'चटकल' हा तिथला शब्द. चट म्हणजे तरट, कल म्हणजे यंत्र.

मागणी कशाची होती, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगातला व्यापार प्रचंड वाढला आणि तो सगळा पोत्यांत भरून चालला. अर्जेंटिनाचा गहू, ऑस्ट्रेलियाची लोकर, ब्रह्मदेशचा तांदूळ, ब्राझीलची कॉफी, अमेरिकेच्या कापसाच्या गाठींवरचे आवरण, क्यूबाची साखर, सिमेंट, खते. मुंबईहून निघणाऱ्या कापसाच्या गाठींनाही तरट लागेच. जागतिक व्यापार दहा टक्क्यांनी वाढला की पोत्यांची मागणीही जवळपास तेवढी वाढायची. आणि ज्या तंतूचे पोते स्वस्तात होई तो तंतू व्यापारी प्रमाणात फक्त बंगाल आणि आसपासच्या प्रदेशात पिकत असे. अशी परिस्थिती औद्योगिक इतिहासात क्वचितच कुणाच्या वाट्याला आली असेल.

यंत्रे कुठून आली, माणसे कुठून आली

अर्थतज्ज्ञ अल्बर्ट हर्शमन यांनी १९५८ च्या पुस्तकात उद्योगांच्या 'दुव्यां'ची कल्पना मांडली. एखादा उद्योग आपल्या मागच्या बाजूला यंत्रे, सुटे भाग, रसायने यांची मागणी निर्माण करतो, आणि पुढच्या बाजूला त्याच्या मालावर चालणारे नवे उद्योग उभे राहतात. प्रदेशाचा विकास कारखान्याच्या भिंतीच्या आत होतो त्यापेक्षा या दुव्यांतून जास्त होतो. आता हा निकष हुगळीकाठाला लावून पाहू.

यंत्रे डंडी आणि लीड्सहून येत, नंतर बेलफास्टहूनही. तंतू मऊ करण्याच्या रोलरपासून कार्डिंग, ड्रॉइंग, कताईच्या चौकटी, माग आणि कापडाला इस्त्री करणाऱ्या कॅलेंडरपर्यंत सगळे. चाळीस-पन्नास हजार माग चालवणारा पट्टा माग बनवत नव्हता. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या दशकात, कोलकात्यात तागाची यंत्रे बनवणारी 'लॅगन' कंपनी निघाली, तीही बेलफास्टच्या मॅकी कंपनीच्या तंत्रज्ञानावर. लॅगन हे नाव बेलफास्टमधल्या नदीचे. रिश्राच्या गिरणीला तोवर जवळपास शंभर वर्षे झाली होती.

हावड्याला काहीच उभे राहिले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. तिथल्या गल्ल्यांमधले ओतकाम आणि लेथकाम करणारे कारागीर गिरण्यांना सुटे भाग पुरवत, आणि त्यांचे कसब वाखाणण्यासारखे होते. पण तुटलेला दाता हुबेहूब बनवणे आणि नवा माग आखणे यांत फरक आहे. दुसऱ्या कामासाठी नकाशे, धातूची चाचणी, प्रयोग फसला तर नुकसान सोसणारा मालक आणि शिकलेला अभियंता लागतो.

अभियंत्याचा प्रश्न मला व्यक्तिशः सगळ्यात जास्त टोचतो. रिश्राच्या गिरणीनंतर एकाच वर्षाने, १८५६ मध्ये, कोलकात्यात अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि १८८० पासून ते हुगळीच्याच काठावर शिबपूरला आहे. महाविद्यालयाच्या आवारातून नदीवरची गिरण्यांची धुराडी दिसत असणार. पण महाविद्यालय काढले होते ते सार्वजनिक बांधकाम खात्याला माणसे पुरवायला. गिरणीतला मॅनेजर, इंजिनिअर, मेकॅनिक, खात्याचा ओव्हरसीयर हे डंडीहून येत. त्यांना तिथे बोलावले जाई कारण त्यांनी पोरवयापासून तागात काम केलेले असे, आणि ते पाच-सात वर्षांनी परत जात किंवा दुसऱ्या गिरणीत जात. दुसऱ्या महायुद्धापर्यंत वरच्या जागांवर हीच पद्धत बहुतांशी चालू राहिली. एका काठावर अभियंते तयार होत होते, त्याच काठावर अभियंत्यांची गरज होती, आणि दोघांमध्ये दार नव्हते. संशोधन संस्था १९३० च्या दशकाच्या शेवटी निघाल्या आणि ताग तंत्रज्ञानाचे स्वतंत्र महाविद्यालय १९४७ मध्ये. त्या सगळ्यांनी चांगले काम केले, पण फार उशिरा.

तुलनेसाठी कोइमतूर पाहावे. तिथल्या सूतगिरण्या बंगालच्या मानाने लहान आणि उशिरा आलेल्या. पण गिरणीमालक तिथलेच होते आणि शेतीच्या विहिरींना पंप लागत होते. ओतशाळा निघाल्या, १९३७ मध्ये तिथे विजेची मोटर बनली, १९५१ मध्ये धर्मादाय न्यासाने अभियांत्रिकी महाविद्यालय काढले, आणि १९६२ मध्ये सूतकताईची यंत्रे बनवणारी 'लक्ष्मी मशीन वर्क्स' स्वित्झर्लंडच्या रीटर कंपनीच्या सहकार्याने उभी राहिली. तंत्रज्ञान इथेही बाहेरूनच आले. फरक एवढाच की ते घेणाऱ्याला ते पचवायचे होते.

कामगारांचे चित्र आणखी वेगळे. सुरुवातीला गिरण्यांत आसपासचे बंगाली कामगार होते. १८९० नंतर बिहार, संयुक्त प्रांत, ओरिसा आणि आंध्र किनारपट्टीतून माणसे येऊ लागली आणि थोड्याच वर्षांत तीच बहुसंख्य झाली. भरती सरदारामार्फत, राहणे बस्तीत किंवा कुली लाइनीत. १८९५ पासून गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि त्याचा पहिला परिणाम म्हणजे गिरणी रोज पंधरा-पंधरा तास चालू लागली. तंत्रज्ञानाचा लाभ कोणाला होतो हे तंत्रज्ञान ठरवत नाही, याचे याहून सोपे उदाहरण मी वर्गात देऊ शकलेलो नाही. मजुरीतला वाचलेला पैसा मनिऑर्डरने छपरा, बलिया, गंजामला जाई. ती घरे हुगळीकाठापेक्षाही गरीब होती, त्यामुळे त्याला गळती म्हणणे क्रूरपणाचे होईल. तरीही हिशेब म्हणून नोंदवले पाहिजे की मजुरीचा मोठा भाग त्या पट्ट्यात खर्च होत नव्हता. १९२९ आणि १९३७ मध्ये सगळ्या पट्ट्यात सार्वत्रिक संप झाले.

नफा

गिरणी कंपनीचे भागधारक एक आणि कारभार करणारे दुसरे, अशी ती व्यवस्था होती. कारभार 'मॅनेजिंग एजन्सी'कडे असे: अँड्र्यू यूल, बर्ड, थॉमस डफ, जार्डिन स्किनर. एकाच एजन्सीकडे गिरण्या, कोळशाच्या खाणी, चहाचे मळे आणि कधी बोटीही असत. गिरणी कोळसा घेई तो आपल्याच एजन्सीच्या खाणीचा. एजन्सीला विक्रीवर किंवा नफ्यावर दलाली मिळे. टीटागढ, शामनगर आणि व्हिक्टोरिया या गिरण्या तर डंडीच्याच मालकीच्या होत्या.

इथे सोपा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो की सगळा नफा विलायतेला गेला. तो अर्धाच खरा आहे. पहिल्या महायुद्धानंतर गिरण्यांच्या समभागांचा मोठा हिस्सा भारतीयांकडे, विशेषतः मारवाडी व्यापाऱ्यांकडे आला होता. महायुद्धात खंदकांसाठी वाळूच्या पोत्यांची मागणी इतकी वाढली की काही गिरण्यांनी भागभांडवलाच्या शंभर टक्क्यांहून जास्त लाभांश वाटला. त्या पैशावर १९१९ च्या सुमारास घनश्यामदास बिर्ला आणि इंदूरचे सर सरूपचंद हुकुमचंद यांच्या स्वतःच्या तागगिरण्या उभ्या राहिल्या. म्हणजे भांडवल होते, भारतीय हातांतही होते. पण ते पुन्हा त्याच पोत्यात गेले.

याच्या उलट एक उदाहरण आपल्या ओळखीचे. जमशेटजी टाटांची नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ची. सुतातल्या नफ्याने बांधलेली पत आणि अनुभव घेऊन त्या घराण्याने १९०७ मध्ये पोलादाची कंपनी काढली आणि १९०९ मध्ये बंगळुरूला विज्ञान संस्था उभी राहिली. नागपूरचा वाचक इथे विचारेल की मग पोलाद नागपूरला का नाही? शोध खरोखर चांदा जिल्ह्यातूनच सुरू झाला होता, लोहाऱ्याचे खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा पाहून. तो कोळसा उपयोगी पडला नाही. नफा दुसऱ्या उद्योगात जाणे आणि तो त्याच प्रदेशात राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ताग गिरण्यांना दुसऱ्या उद्योगात जाण्याची गरजच वाटली नाही, हे माझ्या मते मूळ दुखणे. १८८४ मध्ये गिरणीमालकांची संघटना स्थापन झाली आणि १८८६ पासून तिने एक सोपा उपाय शोधला. मागणी कमी झाली की सगळ्यांनी ठरवून गिरण्यांचे तास कमी करायचे. १९३१ च्या मंदीत तर मागांचा काही हिस्सा सील करून ठेवण्यात आला. भाव टिकला, नफा टिकला. नवे कापड, नवा उपयोग, वेगवान माग यांवर खर्च कशाला करायचा? प्रतिस्पर्धी नव्हता, तंतूला पर्याय नव्हता. सुरक्षित बाजारपेठेची ही किंमत हिशेबाच्या वहीत कुठेच दिसत नाही.

पूर्वेकडचा शेतकरी

आतापर्यंत आपण फक्त गिरण्यांकडे पाहिले. ताग मात्र मैमनसिंग, ढाका, फरीदपूर, रंगपूर, पाबना या पूर्वेकडच्या जिल्ह्यांत पिकत होता आणि तिथे एकही गिरणी नव्हती. शेतकऱ्याकडून फडिया घेई, फडियाकडून बेपारी, मग आडतदार, मग नारायणगंज किंवा सिराजगंजहून गाठ बांधून बोटीने कोलकाता. बहुतेक शेतकऱ्यांनी पेरणीच्या वेळी 'दादन' म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असे, त्यामुळे भाव चढेपर्यंत माल धरून ठेवणे त्यांच्या हातात नसे. एका बाजूला संघटित खरेदीदार, दुसऱ्या बाजूला लाखो सुटे विक्रेते. १९१४ मध्ये युद्ध सुरू होताच जर्मनीचा बाजार बंद झाला आणि कच्च्या तागाचा भाव कोसळला. त्याच युद्धात गिरण्यांनी वर सांगितलेला लाभांश वाटला, हे दोन्ही शेजारी ठेवून पाहावे. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत हा फटका कितीतरी मोठा बसला. ताग म्हणजे रोख पैसा, म्हणून लोक भाताऐवजी ताग पेरत. भाव पडला की पोटाला विकत घ्यायच्या भाताचेही पैसे निघत नसत. लागवडीवर कायद्याने नियंत्रण आले ते १९४० मध्ये, फझलुल हक यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात.

सरकारी तिजोरीचेही असेच. तागावरचे निर्यात शुल्क १९१६ पासून होते आणि ते केंद्राकडे जाई. बंगाल वर्षानुवर्षे तक्रार करत राहिला की पीक आमचे, घाम आमचा आणि कर दिल्लीला. १९३५ च्या कायद्याने निदान अर्धा वाटा ताग पिकवणाऱ्या प्रांतांना देण्याचे ठरले. या भांडणाची खूण आपल्या संविधानातही आहे: अनुच्छेद २७३ हा तागाच्या निर्यात शुल्काच्या बदल्यात आसाम, बिहार, ओरिसा आणि पश्चिम बंगाल यांना काही वर्षे अनुदान देण्याविषयीचा आहे.

फाळणी आणि नंतर

१९४७ मध्ये रेषा अशी पडली की शंभरावर गिरण्या सगळ्या भारतात राहिल्या आणि ताग पिकवणाऱ्या जमिनीचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पूर्व पाकिस्तानात गेला. सप्टेंबर १९४९ मध्ये भारताने रुपयाचे अवमूल्यन केले, पाकिस्तानने केले नाही. एका रात्रीत तोच ताग भारतीय गिरण्यांना कितीतरी महाग झाला. भारताने नवा विनिमय दर मानायला नकार दिला आणि १९५१ च्या आरंभी करार होईपर्यंत हा व्यापार जवळपास ठप्प होता. भारताने मग पश्चिम बंगाल, आसाम, बिहार आणि ओरिसात लागवड वाढवली आणि ती वाढलीही वेगाने. शेती खात्याच्या श्रेयाची ही बाब सहसा सांगितली जात नाही. पण भाताची जमीन तागाखाली गेली, याचेही भान ठेवावे.

मक्तेदारी मात्र गेली. १९५१ मध्ये नारायणगंजला शीतलक्षा नदीवर आदमजी ताग गिरणी सुरू झाली आणि पुढे ती जगातली सर्वांत मोठी ताग गिरणी म्हणून ओळखली जाऊ लागली. नवी यंत्रे, दारात उत्तम प्रतीचा कच्चा माल. हुगळीकाठी १९५० च्या दशकात कताई विभागाचे आधुनिकीकरण झाले, पण विणकामाचे माग अनेक गिरण्यांत आजोबांच्या वयाचेच राहिले. ब्रिटिश एजन्सीज गेल्या, मालक भारतीय झाले, आणि कित्येक नव्या मालकांनी गिरणी चालवण्यापेक्षा कच्च्या तागाच्या सट्ट्यात जास्त रस घेतला. परकीय मालकी हे एकच कारण असते तर १९४७ नंतर चित्र पालटायला हवे होते.

खरा घाव रसायन उद्योगातून आला. अमेरिकेत आणि कॅनडात धान्य पोत्यांऐवजी उंच कोठारांतून आणि थेट वाघिणींतून सुटे हलवले जाऊ लागले होते. सिमेंट आणि खतांना कागदी पिशव्या मिळाल्या. १९६० च्या दशकात अमेरिकेत घरोघरी गालिचे अंथरण्याची पद्धत वाढली आणि गालिच्याच्या पाठीला लागणाऱ्या रुंद तागाच्या कापडाने गिरण्यांना काही वर्षे जीवदान दिले. त्याच दशकाच्या मध्यापासून पॉलिप्रॉपिलीनचे विणलेले कापड तिथेही आले. ते हलके, कुजत नाही, आणि मुख्य म्हणजे भाव स्थिर. तागाचा भाव दरवर्षी पावसावर आणि सटोडियांवर हले, आणि गालिचे बनवणाऱ्याला वर्षभराचा करार हवा असे. पर्याय एकदा स्वीकारला की तो परत येत नाही.

१९८० मध्ये सहा आजारी गिरण्या राष्ट्रीय महामंडळाखाली घेण्यात आल्या. १९८७ मध्ये धान्य आणि साखर तागाच्याच पोत्यांत भरण्याची सक्ती करणारा कायदा झाला. आज हुगळीकाठच्या गिरण्या मुख्यतः सरकारी धान्यखरेदीसाठी पोती बनवतात. एकेकाळी ज्यांचा बाजार ब्यूनोस आयर्सपासून सिडनीपर्यंत होता, त्यांचा मुख्य गिऱ्हाईक आज एकच आहे. लाखो शेतकरी आणि कामगार त्यावर जगतात, म्हणून तो कायदा रद्द करा असे म्हणणे सोपे नाही. पण पोत्याला ठरलेला भाव आणि ठरलेला गिऱ्हाईक मिळाल्यावर नवे काही करण्याची घाई गिरणीला का वाटावी, हा १८८६ मधलाच प्रश्न आहे.

डंडीचे काय झाले, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. तिथेही ताग संपला. विसाव्या शतकाच्या अखेरीस शेवटची गिरणी बंद पडली आणि एका जुन्या गिरणीत आता संग्रहालय आहे. डंडीच्या धनिकांनी तागाचा नफा अमेरिकेतल्या जमिनींच्या गहाणखतांत गुंतवला होता, गावात फारसा नाही. आणि गिरण्यांत बहुतांश स्त्रिया कमी मजुरीवर राबत होत्या. तेव्हा डंडी लुटारू आणि बंगाल लुटलेला, इतके सरळ ते नाही. फक्त यंत्रकामाचे ज्ञान तिथे होते, आणि १९४६ नंतर घड्याळे आणि हिशेबाची यंत्रे बनवणारे कारखाने त्या गावात आले.

पूर्व बंगालमध्ये हीच गोष्ट दुसऱ्यांदा घडली. आदमजींचे भांडवल कराचीचे, ताग पूर्वेचा, आणि तागातून मिळणारे परकीय चलन बहुतांशी पश्चिम पाकिस्तानच्या विकासावर खर्च होते, ही तिथली तक्रार होती. १९६६ च्या सहा कलमी मागणीपत्रात दोन्ही भागांच्या परकीय चलनाचे हिशेब वेगळे ठेवावेत ही मागणी होती, आणि तिच्यामागे मुख्यतः ताग होता. १९७१ नंतर बांगलादेशाने गिरण्यांचे राष्ट्रीयीकरण केले. तोट्यात गेलेली आदमजी गिरणी जून २००२ मध्ये बंद झाली. चार वर्षांनी त्याच जागेवर निर्यात प्रक्रिया क्षेत्र सुरू झाले आणि तिथे आता मुख्यतः परदेशी दुकानांसाठी तयार कपडे शिवले जातात. शिलाईची यंत्रे बाहेरून येतात.